चोंदलेले नाक: सूज कशाने येते आणि ती उतरवावी कशी

नाक चोंदले की हात आधी रुमालाकडे जातो. जोर लावून नाक शिंकरले जाते, बाहेर फारसे काही येत नाही, मग आणखी जोर लावला जातो आणि नाक मोकळे होण्याऐवजी कानाला दडे बसतात. याचे कारण असे, की बहुतेक वेळा वाट शेंबडाने अडलेली नसते, तर नाकाच्या आतल्या अस्तराला आलेल्या सुजेने अडलेली असते आणि सूज शिंकरून बाहेर टाकता येत नाही. हे एकदा ध्यानात आले की उपचारांचा क्रमही बदलतो. सूज कशाने आली ते आधी ठरवायचे आणि मग त्या कारणाला लागू पडणारा उपाय निवडायचा, कारण एका कारणावर गुणकारी ठरणारे औषध दुसऱ्या कारणावर निरुपयोगी असते, तर काही औषधे स्वतःच नाक बंद पाडतात.

नाकाच्या आतली रचना

प्रत्येक नाकपुडीच्या आत, बाहेरच्या भिंतीपासून मधल्या पडद्याकडे झुकलेल्या, एकावर एक अशा तीन वळ्या असतात. त्यांच्या गाभ्यात पातळ हाड असते आणि वरून ओलसर, नाजूक श्लेष्मल त्वचेचे आवरण असते. या त्वचेखाली, विशेषतः सर्वांत खालच्या आणि आकाराने सर्वांत मोठ्या वळीत, रक्तवाहिन्यांच्या पोकळ्यांचे दाट जाळे असते. त्या पोकळ्या रक्ताने भरल्या की वळी फुगते, रिकाम्या झाल्या की आक्रसते. फुफ्फुसाकडे जाणारी हवा उबदार, दमट आणि स्वच्छ करून पाठवण्यासाठी ही व्यवस्था उत्तम आहे. परंतु हवेची वाट मुळातच इतकी अरुंद असते की एखाद-दुसऱ्या मिलिमीटरची सूजही श्वास जड करायला पुरते.

निरोगी माणसाच्या नाकातही ही भरती-ओहोटी दिवसभर चालू असते. काही तास एका बाजूची वळी फुगलेली राहते, मग ती उतरते आणि दुसऱ्या बाजूची फुगते. एरवी आपल्याला याचा पत्ताही लागत नाही, पण सर्दी झाली की हीच अदलाबदल ठळकपणे जाणवते. कुशीवर झोपल्यावर खालच्या बाजूची नाकपुडी बंद होणेही स्वाभाविक आहे. त्यामुळे कधी डावी, कधी उजवी अशी बाजू बदलत राहणारी अडचण सहसा अस्तराच्या सुजेची असते. महिनोन्‌महिने एकच बाजू बंद असेल, तर मात्र औषधांच्या दुकानात जाण्याआधी नाक आतून तपासून घ्यावे.

कारण ओळखताना

सर्वांत सामान्य कारण म्हणजे विषाणूंमुळे होणारी साधी सर्दी. घसा खवखवतो, अंग कसकसते, नाकातून आधी पाण्यासारखा आणि दोन-तीन दिवसांनी दाट, पिवळट-हिरवा स्राव येतो आणि साधारण आठ-दहा दिवसांत सगळे ओसरते. हिरवा रंग दिसला की प्रतिजैविके हवीत, हा समज फार पसरलेला असला तरी तो चुकीचा आहे. हा रंग संसर्गाशी लढायला आलेल्या पांढऱ्या पेशींमधल्या द्रव्याचा असतो आणि तो साध्या विषाणूच्या सर्दीतही येतो.

ॲलर्जीची ओळख खाजेवरून पटते. एकामागून एक शिंका, नाकात, डोळ्यांत किंवा टाळूला खाज आणि पाण्यासारखे वाहणारे नाक असे चित्र असेल, ताप नसेल आणि हा त्रास ठरावीक ऋतूत, ठरावीक खोलीत किंवा अंथरूण झटकताना उसळत असेल, तर ॲलर्जीचा संशय घ्यावा. परागकण, बुरशी, पाळीव प्राण्यांच्या त्वचेचा कोंडा, झुरळे आणि घरातल्या धुळीत वाढणारे माइट नावाचे डोळ्यांना न दिसणारे जीव ही यामागची नेहमीची कारणे होत. शरीर या निरुपद्रवी कणांना शत्रू समजून हिस्टामिन आणि तत्सम द्रव्ये सोडते. खाज आणि शिंका काही मिनिटांत सुरू होतात, चोंदलेपण मात्र काही तासांनीही वाढत जाते. म्हणूनच सकाळी उठल्यावर नाक बंद असेल, तर त्याचे मूळ रात्रभर उशाशी असलेल्या गोष्टींत शोधावे.

ॲलर्जीची चाचणी कोरी आली तरी नाक बंद राहणारी माणसेही पुष्कळ असतात. त्यांच्या नाकातल्या रक्तवाहिन्या थंड हवा, धूर, उग्र अत्तर, रंगाचा वास, हवामानातला बदल किंवा तिखट जेवण यांना वाजवीपेक्षा जास्त दाद देतात. येथे खाज जवळजवळ नसते. गरोदरपणात संप्रेरकांमुळे नाक सुजते आणि बाळंतपणानंतर साधारण दोन आठवड्यांत ते आपोआप मोकळे होते. थायरॉइडचे काम मंदावले असेल तरी असा त्रास होऊ शकतो. रक्तदाबावरची काही औषधे, प्रोस्टेटसाठी दिली जाणारी काही औषधे आणि सिल्डेनाफिलसारख्या गोळ्या यांचाही हा ज्ञात दुष्परिणाम आहे. नवीन गोळी सुरू झाल्यानंतर नाक बंद राहू लागले असेल, तर ती परस्पर बंद न करता डॉक्टरांना तसे सांगावे.

रचनेतले दोष वेगळे वागतात. मधला पडदा एका बाजूला कललेला असेल, तर अडथळा बहुधा कायम त्याच बाजूला असतो. नाकाच्या पुढच्या भागातली वाट अरुंद असेल, तर एक सोपी खूण मिळते: नाकाशेजारचा गाल दोन बोटांनी हलकेच बाहेरच्या दिशेने ओढला असता श्वास एकदम मोकळा होतो. अशा व्यक्तीला नाकावर बाहेरून लावायच्या चिकटपट्टीने रात्री बराच आराम मिळू शकतो. पॉलिप म्हणजे अस्तराला फुटलेले मऊ, न दुखणारे मोड. ते सहसा दोन्ही बाजूंना असतात आणि त्यांच्यामुळे वास येणे हळूहळू कमी होते. पॉलिप, दमा आणि ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेतल्यावर धाप लागणे हे त्रिकूट एकाच व्यक्तीत आढळू शकते. अशा व्यक्तीने डोकेदुखीची कोणतीही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

मिठाच्या पाण्याने नाक धुणे

कारण कोणतेही असो, सुरुवात मिठाच्या पाण्याने करावी. त्याने दाट स्राव सुटतो, ॲलर्जीचे कण वाहून जातात, अस्तर ओलसर राहते आणि नंतर मारलेला स्प्रे शेंबडावर न बसता त्वचेपर्यंत पोहोचतो. पद्धत मात्र काटेकोरपणे पाळावी लागते.

पाण्यापासून सुरुवात करू. नळाचे पाणी, ते पिण्यायोग्य असले तरी, थेट नाकात घालू नये. पोटात गेल्यावर निरुपद्रवी असलेले काही सूक्ष्मजीव नाकावाटे आत शिरल्यास घातक ठरतात. नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा तर नाकातून मेंदूपर्यंत पोहोचतो आणि तो संसर्ग क्वचित होत असला तरी जवळजवळ नेहमीच प्राणघातक असतो. म्हणून पाणी खळखळून उकळी फुटल्यावर किमान एक मिनिट, आणि 2000 मीटरपेक्षा उंच ठिकाणी तीन मिनिटे उकळावे, झाकून कोमट होऊ द्यावे, अथवा डिस्टिल्ड पाणी वापरावे. साध्या घरगुती गाळणीवर विसंबू नये.

मिठाचे प्रमाण एका लिटरला 9 ग्रॅम, म्हणजे पाव लिटर पाण्याला सव्वादोन ग्रॅमच्या आसपास, साधारणपणे चहाच्या अर्ध्या सपाट चमच्याहून किंचित कमी. आयोडिन आणि इतर मिश्रणे नसलेले मीठ मिळाल्यास चुरचुर कमी होते. चिमूटभर खाण्याचा सोडा घातला तरी तोच लाभ होतो. नाक झोंबले तर बहुधा मिठाचे प्रमाण चुकलेले असते, मीठ नसलेले पाणी तर खारटपेक्षाही जास्त झोंबते.

बेसिनवर पुढे वाकून मान एका बाजूला कलती करावी, कपाळ आणि हनुवटी साधारण एका पातळीत ठेवावी आणि तोंड उघडे ठेवून तोंडानेच श्वास घेत राहावे. वरच्या नाकपुडीला नेतीपात्राची तोटी किंवा बाटलीचे टोक लावून पाणी हलक्या धारेने सोडावे. ते खालच्या नाकपुडीतून बाहेर पडते. या वेळी नाकाने ओढू नये, गिळू नये, बोलू नये. निम्मे पाणी संपल्यावर बाजू बदलावी. शेवटी पुढे वाकूनच उरलेले पाणी निथळू द्यावे आणि तोंड उघडे ठेवून एकेक नाकपुडी अलगद शिंकरावी. दोन्ही नाकपुड्या दाबून जोराने शिंकरल्यास पाणी आणि स्राव कानाकडे ढकलले जातात. भांडे प्रत्येक वेळी धुऊन पूर्ण वाळवावे आणि उरलेले पाणी टाकून द्यावे. नाक पूर्ण बंद असताना, पाणी आत शिरत नसताना बळजबरी करू नये. कानाचे किंवा नाकाचे ऑपरेशन अलीकडे झाले असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे.

स्प्रे: दिसायला सारखे, गुणाने निराळे

नाकात मारायच्या औषधांचे दोन मुख्य प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत हीच या आजारातली सर्वांत महागात पडणारी गल्लत आहे. पहिला प्रकार ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिन या औषधांचा. ती रक्तवाहिन्या आकुंचित करतात आणि काही मिनिटांत नाक मोकळे होते. दुसरा प्रकार फ्लुटिकासोन, मोमेटासोन, बुडेसोनाइड अशा स्टेरॉइड स्प्रेंचा. तो सुजेच्या मुळाशी असलेली प्रक्रिया शांत करतो, पण सावकाश. फरक पडायला कित्येक तास ते काही दिवस आणि पूर्ण गुण यायला दोन आठवडे लागू शकतात.

माणसाचा स्वभाव असा, की पहिला प्रकार आवडतो आणि दुसरा चार दिवसांत ‘याने काही होत नाही’ म्हणून कपाटात जातो. प्रत्यक्षात पहिल्या प्रकारचे थेंब तीन दिवस, फार तर पाच दिवस वापरण्यासाठी असतात. त्यापुढे त्यांचा असर उतरला की रक्तवाहिन्या आधीपेक्षा जास्त फुगतात, ते उतरवायला पुन्हा थेंब लागतात, दोन मात्रांमधले अंतर कमी होत जाते आणि शेवटी मूळ सर्दी केव्हाच गेलेली असूनही नाक केवळ थेंबांमुळे बंद राहते. उशाखाली बाटली ठेवल्याशिवाय झोप येत नसेल, तर निदान जवळपास झालेच असे समजावे. यातून बाहेर पडण्याचा मार्ग थेंब थांबवणे हाच आहे. डॉक्टर सहसा त्याच वेळी स्टेरॉइड स्प्रे सुरू करतात; काहींना आधी एका नाकपुडीतले थेंब बंद करून, ती मोकळी राहू लागल्यावर दुसरीतले बंद करणे सोपे जाते. पहिले काही दिवस-रात्री त्रासाच्या जातात आणि पूर्ववत व्हायला एक-दोन आठवडे, कधी त्याहून अधिक काळ लागतो, पण नाक सुधारते.

स्टेरॉइड स्प्रे मारण्याची रीत फार थोड्यांना कोणी दाखवलेली असते. बाटली हलवून घ्यावी, नवी असल्यास हवेत काही फवारे सोडून धार सुरू करावी. डोके मागे न टाकता किंचित पुढे झुकवावे. उजव्या नाकपुडीसाठी डावा हात आणि डाव्या नाकपुडीसाठी उजवा हात वापरावा, म्हणजे टोकाची दिशा आपोआप बाहेर, त्याच बाजूच्या कानाच्या रोखाने राहते आणि औषध मधल्या पडद्यावर आदळत नाही. पडद्यावर रोज फवारा बसला तर तो भाग कोरडा पडतो, खपल्या धरतात आणि घोळणा फुटतो. फवारा मारताना हलकासा श्वास आत घ्यावा. जोराने ओढल्यास औषध घशात उतरते आणि वाया जाते. हे औषध रोज, न चुकता घ्यायचे असते. ऋतूनुसार येणारी ॲलर्जी असेल, तर त्रासाचा हंगाम सुरू होण्याच्या आधीपासून ते सुरू केल्यास जास्त गुण येतो.

तोंडाने घ्यायची औषधे

सेटिरिझिन, लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन या ॲलर्जीविरोधी गोळ्या शिंका, खाज आणि वाहणारे नाक यांवर चांगल्या चालतात, परंतु चोंदलेपणावर त्यांचा प्रभाव बेताचाच असतो. मुख्य तक्रार बंद नाकाची असेल तर स्प्रे सरस ठरतो. फेक्सोफेनाडिन फळांच्या रसाबरोबर घेतल्यास नीट शोषले जात नाही, म्हणून ते पाण्याबरोबर घ्यावे. क्लोरफेनिरामिनसारख्या जुन्या गोळ्यांनी गुंगी येते. त्या घेऊन वाहन चालवू नये आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असल्यास त्या टाळाव्यात.

सर्दीच्या तयार मिश्रगोळ्यांबाबत थोडे सावध राहावे. त्यांतील फिनाइलेफ्रिन हे औषध तोंडाने घेतल्यास नाक मोकळे करण्यात परिणामकारक नाही, असा निष्कर्ष अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने 2023 मध्ये काढला आणि 2024 मध्ये त्या प्रशासनाने या वापरातून ते काढून टाकण्याचा प्रस्ताव मांडला. स्यूडोइफेड्रिन गुण देते, पण ते रक्तदाब आणि हृदयाची गती वाढवू शकते, झोप उडवते आणि लघवी अडकवू शकते. रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू किंवा थायरॉइडचा विकार असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी ते स्वतःच्या मनाने घेऊ नये. मिश्रगोळीत पॅरासिटामॉलही असते, त्यामुळे वेगळी पॅरासिटामॉल घेणाऱ्यांची मात्रा नकळत दुप्पट होते. पाकिटावरचे घटक वाचण्याची सवय येथे कामी येते.

प्रतिजैविकांचा विचार केव्हा करावा, याची डॉक्टर वापरतात ती कसोटी अशी: त्रास दहा दिवस उलटूनही जराही कमी न होणे, बरे वाटू लागल्यानंतर पुन्हा ताप व वेदना उसळणे, किंवा सुरुवातीपासूनच सलग तीन-चार दिवस 39 अंश सेल्सियस वा त्याहून जास्त ताप, पुवासारखा स्राव आणि चेहऱ्यात दुखणे. यांपैकी काही नसेल तर प्रतिजैविकांनी सर्दी लवकर जात नाही.

वाफ, बाम आणि झोपण्याची खोली

वाफेने थोडा वेळ बरे वाटते, सूज मात्र ती उतरवत नाही. उकळत्या पाण्याच्या भांड्यावर वाकून वाफारा घेताना भाजण्याचे प्रकार वारंवार घडतात, विशेषतः मुलांच्या बाबतीत. गरम पाण्याने अंघोळ करताना बंद न्हाणीघरात मिळणारी वाफ त्या मानाने निर्धोक असते. मेंथॉलच्या बामाने नाक उघडल्यासारखे वाटते, पण प्रत्यक्षात हवेची वाट रुंदावत नाही. मेंथॉल गारवा जाणवणाऱ्या मज्जातंतूंना चेतवते एवढेच. झोप लागण्यापुरता त्याचा उपयोग करायला हरकत नाही. दोन वर्षांखालील मुलांना मात्र कापूर किंवा मेंथॉल असलेले बाम लावू नयेत.

डोक्याकडची बाजू उंच करून झोपल्यास नाकातल्या रक्तवाहिन्यांत कमी रक्त साचते. माइटची ॲलर्जी असेल तर चादरी आणि अभ्रे दर आठवड्याला 60 अंश सेल्सियसच्या आसपासच्या पाण्यात धुवावेत, गादी-उशीला घट्ट विणीची, माइट रोखणारी खोळ घालावी आणि खोलीतली आर्द्रता 50 टक्क्यांच्या खाली राखावी. सिगारेटचा धूर खोलीत असेल, तर इतर सर्व उपायांचा निम्मा गुण तेथेच जातो. ॲलर्जी निश्चित झाली असून औषधांनी भागत नसेल, तर ठरावीक ॲलर्जीकारक द्रव्याची हळूहळू वाढवत नेलेली मात्रा इंजेक्शनने किंवा जिभेखाली देण्याचा उपचार उपलब्ध आहे. तो सामान्यतः तीन ते पाच वर्षे चालतो.

लहान मुले आणि तातडीच्या खुणा

पहिल्या काही महिन्यांतली बाळे मुख्यतः नाकानेच श्वास घेतात, त्यामुळे नाक बंद झाले की त्यांचे दूध पिणेही अडते. दूध पाजण्याच्या थोडे आधी प्रत्येक नाकपुडीत मिठाच्या पाण्याचे तयार, निर्जंतुक थेंब टाकून मऊ रबरी पंपाने हलकेच ओढून घ्यावे. सर्दीची मिश्रऔषधे आणि मोठ्यांचे थेंब बाळांना देऊ नयेत. थोड्या मोठ्या मुलाच्या एकाच नाकपुडीतून दुर्गंधीयुक्त स्राव येत असेल, तर त्याने मणी, बी किंवा स्पंजचा तुकडा आत घातला असण्याची शक्यता मोठी असते. आत घड्याळाची चपटी बॅटरी गेल्याचा नुसता संशय असला तरी ती काही तासांत ऊती जाळते, म्हणून तत्काळ रुग्णालय गाठावे. मूल कायम तोंडाने श्वास घेत असेल आणि घोरत असेल, तर नाकामागच्या ॲडिनॉइड ग्रंथी तपासून घ्याव्यात.

डोळ्याभोवती सूज, एकाच्या दोन वस्तू दिसणे, मान ताठणे, असह्य डोकेदुखी किंवा ग्लानी ही लक्षणे दिसली की थांबू नये. मधुमेह नियंत्रणात नसलेल्या किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेल्या व्यक्तीच्या नाकात काळी खपली दिसली, गाल बधिर झाला, तर बुरशीच्या गंभीर संसर्गाची शक्यता असते आणि तेथे तासांचा हिशेब असतो. डोक्याला मार लागल्यानंतर किंवा ऑपरेशननंतर एकाच बाजूने स्वच्छ पाणी ठिबकत असेल, विशेषतः पुढे वाकल्यावर, तर ते मेंदूभोवतीचे द्रव असू शकते. एकाच बाजूचा अडथळा आणि वारंवार रक्त, हेही दुर्लक्ष करण्याजोगे नव्हे.

एरवी त्रास बारा आठवड्यांहून अधिक चालला असेल, वास येईनासा झाला असेल किंवा स्टेरॉइड स्प्रे योग्य रीतीने महिनाभर वापरूनही गुण नसेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे. ते बारीक दुर्बिणीने नाक आतून पाहतात, गरज पडल्यास सीटी स्कॅन सांगतात. पडदा सरळ करणे, फुगलेल्या वळ्या लहान करणे आणि पॉलिप काढणे ही ऑपरेशने उपयोगी असली तरी वळ्या गरजेपेक्षा जास्त कापल्या गेल्या तर नाक कोरडे पडते आणि वाट मोकळी असूनही श्वास अपुरा वाटत राहतो, तेव्हा किती भाग ठेवणार आहेत हे आधी विचारून घ्यावे. पॉलिप काढल्यावर ते पुन्हा वाढू शकतात, म्हणून नंतरही स्प्रे आणि नाक धुणे चालू ठेवावे लागते. तज्ज्ञांकडे जाताना सध्या चालू असलेल्या सर्व औषधांची यादी न्यावी आणि थेंबांची बाटली किती दिवसांपासून वापरात आहे, हे न लाजता सांगावे.